स्क्रीनशॉटमध्ये रेघ नव्हती

ही गोष्ट मी बायकोला तुकड्यातुकड्यांनी सांगितली आहे, आणि प्रत्येक तुकड्यात स्वतःला थोडंथोडं वाचवून घेतलं आहे. आता सलग लिहायचं ठरवलंय. तरी एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलो.

मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये काम करतो. मोठ्या कारखान्यांना लागणारे पत्र्याचे भाग आम्ही प्रेसवर काढतो, आणि त्यासाठी लागणाऱ्या डायांची, म्हणजे पोलादी साच्यांची, ड्रॉइंग माझ्या खोलीत होतात. मूळचा मी सांगलीकडचा, उसाच्या रानातला. शेतात मन रमलं नाही, आणि माणसांत त्याहून नाही. कॉम्प्युटरशी मात्र जमलं. तो विचारल्याशिवाय काही सांगत नाही, मीही नाही.

दोनेक वर्षांपूर्वी मालकांच्या मागे लागून मीच सगळ्या मशीनवर लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी सिस्टीम, घातलं. आधीचं सगळं चोरीचं होतं, सारखं अडकायचं. मालक माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण बोलले की बोलले. म्हणाले, "घाला. पण उद्या कुणी माझ्याकडे येऊन म्हणालं की हे चालत नाही, तर दुसऱ्या दिवशी जुनं परत. मला त्या भानगडीत पडायचं नाही." मी हो म्हणालो. तेव्हापासून खोलीतली प्रत्येक मशीन माझी अब्रू होऊन बसली. कुणाच्या मॉनिटरवर काही लुकलुकलं की मला चारचौघांत कुणी माझी चूक काढल्यासारखं व्हायचं.

त्याच सुमारास फौजी आले. सगळे त्यांना फौजीच म्हणतात, मीही इथं तेच म्हणतो. गाव वडूजच्या पुढं, जिथं पाऊस आला तर आला. तोफखान्यात एकवीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी सर्व्हेच्या कामात. दुर्बिणीतून बघायचं, कोन मोजायचा, तोफेला अंतर द्यायचं. निवृत्त होऊन आल्यावर काही वर्षं एका कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला उभे राहिले, तिथं जीव रमेना म्हणून पन्नाशीत ड्रॉइंगचा कोर्स केला. वर्गातली बाकीची पोरं त्यांना अंकल म्हणायची, हे ते स्वतःच हसत सांगायचे. साताऱ्यात एक खोली घेऊन राहायचे, आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी काम सुटलं की मोटारसायकलवर कोरेगाव, पुसेगाव करत घरी जायचे.

त्यांचा डोळा माझ्यापेक्षा चांगला होता. हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. आल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "आवं सर, ह्यो होल अर्धा मिलिमीटर डावीकडं सरकलाय बघा." डाय बनवणारे दोघं तिथंच उभे होते. मी हसलो, होल सरकवलं, वर आभार मानले. घरी आल्यावर माझा जबडा दुखत होता.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला नेहमीसारखी सगळी यंत्रं धुऊनपुसून, तेलपाणी करून, झेंडूचे हार घालून ठेवली. ड्रॉइंगच्या खोलीतली पूजा माझ्याकडे असते. बाकीचे लोक कॉम्प्युटरच्या पत्र्याला हळदीकुंकवाचं बोट टेकवतात आणि पुढं सरकतात. मला ते कधी पटलं नाही. पत्रा काय काम करतो? काम करतं ते आतलं. फौजींच्या मशीनमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड मी निवडून बसवलं होतं, आणि त्यावर लिनक्स नीट चालावं म्हणून आठवडाभर डोकं फोडलं होतं. धूळ काढायला कॉम्प्युटरचा डबा उघडलाच होता. मी कुंकू पाण्यात कालवलं आणि अनामिकेनं त्या कार्डालाच लावलं. कार्डाची एक पट्टी मागून बाहेर दिसते, तिथं मॉनिटरची केबल बसते, त्या पट्टीवर, अगदी पोर्टाच्या तोंडाशी. वर दोन अक्षता. हात जोडले. मग डबा बंद केला आणि केबल अंगठ्यानं दाबून घट्ट बसवली. कुंकू अजून ओलं होतं.

वाचणाऱ्याला आत्ताच कळलं असेल. मला कळायला पाच महिने लागले.

दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला असेल. फौजी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"सर, स्क्रीन फाटतीय."

"फाटतेय म्हणजे?"

"मधीच आडव्या रेघा येत्यात. हिरव्या, जांभळ्या. कवा कवा घटकाभर काळं पडतंय. पुन्हा नीट."

"बघतो," म्हणालो. बघितलं ते चहाच्या सुट्टीत. पंधरा मिनिटं त्यांच्या खुर्चीवर बसलो, चहा तिथंच घेतला, एकही रेघ आली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चहाच्या सुट्टीत. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या. मला वेळ मिळायचा तेव्हाच मी जायचो, आणि मला वेळ मिळायचा तेव्हा वर्कशॉपमधलं सगळंच बंद असायचं. आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे मोठी प्रेस आहे. ती चालते तेव्हा टेबलावरची पेन्सिल हळूहळू सरकते. चहाच्या वेळी प्रेस थांबते, कारण प्रेसवालाही चहा पितो. या दोन गोष्टी मी जोडून बघितल्या नाहीत. जोडता आल्या नसत्या असं नाही.

याहून वाईट पुढं आहे.

लिनक्सची मशीन आपल्या आत काय काय घडलं त्याची नोंद स्वतःच ठेवत असते. बिघाड शोधायचा तर पहिल्यांदा ती नोंद उघडायची. मी ती दुसऱ्याच दिवशी उघडली होती. त्यात लिहिलं होतं की मॉनिटरशी असलेला संबंध तुटला, पुन्हा जुळला. एकदा नाही, सकाळपासून चार वेळा. वेळेसकट. मी ते वाचलं. मला ते समजलं. आणि मी ती खिडकी बंद केली. मनात म्हणालो, यांचा पाय केबलला लागत असेल. टेबलाखाली वाकून मात्र बघितलं नाही. फौजी बाजूलाच उभे होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणतंय?" मी म्हणालो, "काही नाही. सगळं ठीक आहे."

का? तर मालकांचं ते वाक्य. दिवाळीच्या आधीच दुसऱ्या एका मशीनवर प्रिंटर अडकला होता आणि मालक दारात उभं राहून नुसते "हं" म्हणाले होते. आता ज्या कार्डासाठी मी भांडलो त्यातच खोट निघाली, आणि ती काढली कुणी, तर माझं होल सरकलेलं ज्यांनी काढलं त्यांनीच. हे सगळं मी असं शब्दांत तेव्हा मांडलं नव्हतं. आतल्या आत होतं.

फौजी रोज सांगत राहिले. तक्रार नव्हती ती, गस्तीवरून आलेला माणूस खबर देतो तसं. "आज सहादा आली." "आज पावणेबाराला काळं पडलं." मी वैतागलो आणि त्यांना एक बटण दाखवलं. रेघ आली की हे दाबा, त्या क्षणाचं चित्र मशीन जपून ठेवेल, मग बघू. दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरा चित्रं आणून दिली. प्रत्येकाला तारीख-वेळ घालून, ओळीनं. मी एकेक उघडलं. अकराच्या अकरा स्वच्छ.

इथं थोडं समजावून सांगावं लागेल. कॉम्प्युटर चित्र आधी आपल्या पोटात तयार करतो, मग ते कार्डाच्या पोर्टातून, केबलमधून मॉनिटरकडे जातं. स्क्रीनशॉट निघतो तो पोटातल्या चित्राचा. तो स्वच्छ निघाला याचा अर्थ एवढाच की पोटात गडबड नाही, गडबड पुढच्या वाटेवर आहे. पोर्टात, केबलमध्ये, नाहीतर मॉनिटरमध्ये. म्हणजे त्या अकरा चित्रांनी मला बिघाडाची जागा जवळजवळ बोट ठेवून दाखवली होती. फौजींनी न कळत तपासाचं अर्धं काम करून दिलं होतं.

मी ती चित्रं घेऊन मालकांकडे गेलो नाही, मालकच आले. एक ड्रॉइंग दोन दिवस लांबलं होतं, कारण फौजी प्रत्येक रेघ दोनदा तपासायला लागले होते. चहाची वेळ होती. प्रेसवाला, डाय बनवणारे दोघं, सगळे आमच्या खोलीच्या दाराशी कप घेऊन उभे होते. मालकांनी विचारलं, "काय अडचण आहे?"

फौजींनी सांगितलं, "साहेब, स्क्रीनवर रेघा येत्यात."

मालक माझ्याकडे वळले. मी माझ्या मॉनिटरवर ती अकरा चित्रं एकामागून एक उघडली. म्हणालो, "रेघ आली तेव्हाचीच चित्रं आहेत, त्यांनीच काढलेली. आहे का कुठं रेघ?"

सगळे पुढं वाकले. कुठंच नव्हती.

फौजी म्हणाले, "ह्यात न्हाई. पर तितं व्हती."

मी म्हणालो, "मशीन स्वच्छ आहे, फौजी. एकदा डोळे दाखवून या."

हे मी हळू आवाजात म्हणालो, काळजीनं म्हणावं तसं. त्यामुळं ते जास्त खरं वाटलं. प्रेसवाल्याला थट्टेवाचून राहवत नाही. तो म्हणाला, "फौजींना अजून बॉर्डर दिसतीय. रेघ वलांडून कोण येतंय का बगत असत्यात." सगळे हसले. फौजीही हसले, पण कप बशीत ठेवताना आवाज झाला. मग ते म्हणाले, "एकवीस वर्सं ह्या डोळ्यांवर भाकरी खाल्लीय, साहेब." मालक म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, दाखवून या."

साताऱ्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे. त्या वयाला कुणाच्याही डोळ्यांत सुरुवात निघते. माझ्याही निघेल. पण रेघा दिसतात म्हटल्यावर त्यांनी डोळ्याच्या आतला पडदा बघून घ्यायला सांगलीला पाठवलं. फौजी दोनदा सांगलीला गेले. डोळ्यांत थेंब घालून, उन्हाला तोंड चुकवत एसटीनं परत आले. आत काही निघालं नाही. मला वाटलं होतं, बरं झालं, आता विषय संपेल. फौजींनी त्यातून भलतंच काढलं. मला म्हणाले, "सर, डोळ्यात काय न्हाई म्हंत्यात. म्हंजे डोक्यात आसंल."

मी म्हणालो, "तसं काही नसतं हो."

"मग काय आसतं?"

मी माझ्या मॉनिटरकडे वळलो.

नवीन वर्ष लागलं तशी मालकांनी त्यांना स्टोअरला घेतलं. कुणी वाईट बोललं नाही. स्टोअरला शिस्तीचा माणूस हवाच होता, असं सगळे म्हणाले. त्यांची खुर्ची रिकामी झाली, आणि खोलीतला मोठा मॉनिटर तिथं असल्यामुळं दोनेक महिन्यांनी मी माझं सामान तिकडे हलवलं.

पहिल्याच सकाळी, प्रेस सुरू झाल्यावर दहा मिनिटांत, माझ्या डोळ्यांसमोर स्क्रीन आडवी चिरली गेली. हिरवी रेघ, खाली जांभळी, मग सगळं काळं, मग पुन्हा ड्रॉइंग, जसं काही झालंच नाही. मी खुर्ची मागं ढकलून उभा राहिलो. पुन्हा बसलो. पुन्हा उभा राहिलो. शेजारच्यानं विचारलं, "काय झालं?" म्हणालो, "पायात गोळा आला."

मग मी ते सगळं केलं जे चार महिने आधी करायचं होतं. केबल बदलली, रेघा तशाच. दुसरा मॉनिटर लावला, तशाच. प्रेस थांबली की रेघा थांबायच्या, सुरू झाली की यायच्या. म्हणजे कुठंतरी ढिलं आहे, हादऱ्यानं हलतंय. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, कार्ड बाहेर काढलं आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं.

पोर्टाच्या आत लाल खपली होती. केबलनं ते ओलं कुंकू आत ढकललं होतं, ते पितळी टोकांवर वाळलं होतं, आणि दोन टोकांवर हिरवट गंज चढला होता. कार्डावरच्या पंख्याच्या पात्यापाशी तांदळाचा एक दाणा अडकला होता. पट्टीवरचा लाल ठिपका माझ्या अनामिकेच्या टोकाएवढाच होता. मी बोट जवळ नेलं आणि मागं घेतलं.

स्पिरिटनं, ब्रशनं घासून बघितलं. टोकं खराब झाली होती. त्या कार्डाला शेजारीच दुसरा पोर्ट होता. कार्ड परत बसवलं, केबल त्या दुसऱ्या पोर्टात घातली. दुपारभर प्रेस चालली, एक रेघ आली नाही. पाच मिनिटांचं काम होतं.

त्या दिवशी स्टोअरला जाऊन सांगता आलं असतं. मी स्टोअरला गेलोही. फौजी नटबोल्टचे खोके मांडत होते. म्हणाले, "काय पायजे सर?" मी म्हणालो, "दोन स्क्रू." स्क्रू घेऊन आलो. ते स्क्रू अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, कशालाच लागत नव्हते.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले हे सांगणं अवघड आहे, कारण बाहेरून काहीच झालं नाही. काम होत होतं. मला मात्र एका जागी बसवत नव्हतं. जेवताना उठायचो, टीव्हीसमोरून उठायचो. बायको म्हणायची, "तुमच्या अंगात काय शिरलंय?" मी तिला म्हणालो, फौजींच्या मशीनमध्ये खरंच बिघाड निघाला. कुणामुळं ते म्हणालो नाही. ती म्हणाली, "मग सांगा की त्यांना, बिचाऱ्यांना बरं वाटंल." मी म्हणालो, सांगतो. आज सांगतो, उद्या सांगतो. एकदा स्टोअरच्या दारापर्यंत जाऊन आत प्रेसवाला दिसला म्हणून परत फिरलो. एकदा कुणीच नव्हतं, तेव्हाही परत फिरलो.

मे महिन्यात त्यांची मोटारसायकल दिसेनाशी झाली. विचारलं तर म्हणाले, "जावयाला दिली, आटपाडीला. लेक म्हणली, कशाला जिवाची जोखीम. बरूबर हाय. रस्त्यावर दिसलंच न्हाई कोण आणि घातली आंगावर, तर?"

मला तेव्हा माहीत होतं. सगळं माहीत होतं. दोन महिन्यांपासून माहीत होतं. आणि मी म्हणालो, "बरं केलंत."

या दोन शब्दांपाशी येऊन मी खूपदा थांबलोय. कुंकू लागलं ती चूक होती. नोंद वाचून खिडकी बंद केली तो भित्रेपणा होता. "बरं केलंत" याला मला अजून नाव सापडलेलं नाही.

श्रावण सरता सरता बायको माहेरी निघाली होती. तिला सांगलीच्या गाडीत बसवायला मी साताऱ्याच्या स्टँडवर गेलो. तिची गाडी सुटली आणि वळलो तर चार फलाट सोडून फौजी उभे दिसले. हातात पिशवी, शर्ट पँटमध्ये खोचलेला, पाठ ताठ. समोर गाडी लागली होती. बोर्डावर वडूज असं एवढं मोठं लिहिलेलं की मला लांबून वाचता येत होतं. फौजी त्या बोर्डाकडे बघत उभे होते. बराच वेळ. मग शेजारच्या एका बाईंना विचारलं,

"ताई, ही वडूजचीच न्हवं?"

बाई म्हणाल्या, "बोर्डावर काय लिव्हलंय मग, मामा?"

"न्हाई, लिव्हलंय वडूजच," फौजी म्हणाले. "तरी इचारलं."

दुर्बिणीतून डोंगरावरच्या झाडाचं अंतर मोजणारा माणूस. मला तिथं उभं राहवेना. मी गाडीत चढलो. ते खिडकीशी बसले होते, मी शेजारी जाऊन बसलो.

"आवं सर? तुमी कुनीकडं?"

"तुमच्याबरोबर," मी म्हणालो. "थोडं बोलायचंय."

कोरेगाव येईपर्यंत मी तिकिटाच्या घड्या घालत राहिलो. ते बोलत होते, यंदा घेवडा बरा आलाय, उसाच्या तुमच्या भागाचं काय, तुमाला काय, पाणी पायाखाली. कोरेगाव सुटल्यावर मी बोलायला लागलो आणि मग थांबलो नाही. कुंकू, केबल, मशीनची नोंद, ती अकरा चित्रं, चहाच्या वेळचं ते वाक्य. गाडी खडखडत होती म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागत होतं, पुढच्या बाकावरचा माणूस मधून मधून मागं वळून बघत होता. फौजी समोरच्या दांडीला धरून बसले होते. माझं सांगून संपलं.

मग म्हणाले, "कुंकू मशीनीच्या आत?"

"हो."

"आत कशाला?"

"खरं काम तेच करतं म्हणून."

त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना पटलं. मग विचारलं, "कवा कळलं?"

"मार्चमध्ये."

ते बाहेर बघत राहिले. ओठ हलत होते, काहीतरी जुळवत होते. "मोटारसायकल म्या मे म्हैन्यात दिली," ते म्हणाले.

"हो."

"तुमाला इचारून न्हाई दिली. पर सांगितलं व्हतं."

"हो."

"तवा तुमी म्हनला, बरं केलंत."

मला वाटलं होतं त्यांना ते आठवत नसेल. मी हात जोडले. त्यांनी माझे हात धरून खाली केले, रागानं नाही, गर्दीत कुणी बघतंय म्हणून.

"माज्याशी काय बोलताय," ते म्हणाले. "माझा डोळा चांगला हाय हे मला एकट्याला कळून काय उपेग? जितं बोलला तितं बोला. त्याच मानसांम्होरं. पलटनीत मानसावरला चार्ज, आरोप म्हना, सगळ्यांम्होरं वाचत्यात, आन् चुकीचा निगाला तर मागं बी सगळ्यांम्होरंच घेत्यात."

"बोलतो."

"पुसेगावला उतरा. परतीची गाडी गावंल."

उतरताना मी मागं बघितलं. ते आपला उजवा हात लांब धरून, एक डोळा मिटून बोटांच्या टोकांकडे बघत होते. मग दुसरा डोळा.

सुट्टीनंतरच्या दिवशी चहाच्या वेळी मी मालकांना खोलीत बोलावलं. सगळ्यांनाच बोलावलं. फौजी स्टोअरच्या दारात उभे राहिले, त्याहून जवळ आले नाहीत. मी भाषण पाठ करून गेलो होतो, ते आठवलं नाही. मी केबल दुसऱ्या पोर्टातून काढली आणि पुन्हा त्या कुंकवाच्या पोर्टात घातली. मग प्रेसवाल्याला म्हणालो, "कप ठेव आणि चार स्ट्रोक मार."

"आत्ता? चहात?"

"आत्ता."

तो बडबडत गेला. भिंत हादरली. दुसऱ्या स्ट्रोकला स्क्रीन चिरली. हिरवी, जांभळी, काळी. सगळ्यांनी बघितलं. तिसऱ्या स्ट्रोकला पुन्हा. प्रेसवाला परत येऊन दारातून डोकावला आणि म्हणाला, "आयला, खरंच की."

मी म्हणालो, "फौजींचे डोळे चांगले आहेत. पहिल्यापासून चांगले होते. बिघाड मी केला, खंडेनवमीला, माझ्या हातानं. तो दिसत असताना मी मशीन स्वच्छ आहे म्हणालो. मार्चपासून मला सगळं माहीत होतं."

मालकांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "का म्हणालात स्वच्छ आहे?"

"माझ्यावर आलं असतं."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

मालकांनी कप टेबलावर ठेवला. "पुढच्या नवमीला तुम्ही लांब उभे राहा," असं काहीतरी म्हणाले. एकदोघं हसले, पण हसू धरलं नाही. फौजी आता आत आले होते. प्रेसवाला त्यांना म्हणाला, "फौजी, मी बॉर्डर म्हनलो व्हतो तवा..." "आसूं दे," फौजी म्हणाले. ते मॉनिटरसमोर जाऊन उभे राहिले, रेघ नव्हती तरी बघत राहिले. मालक म्हणाले, "उद्यापासून तुमच्या खुर्चीवर बसा." फौजी म्हणाले, "स्टोअरचं रजिस्टर पुरं करून द्यावं लागंल, साहेब. दोन दिवस द्या."

मालकांनी लिनक्स काढायला सांगितलं नाही. ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं केलं, तिची त्यांना आठवणसुद्धा नव्हती.

फौजी परत आले त्याला आता काही महिने झाले. पुढच्या खंडेनवमीला सगळ्यांनी नुसतं पत्र्याला बोट टेकवलं. फौजींचं काम पूर्वीइतकंच नेमकं आहे. फक्त ते आता प्रत्येक ड्रॉइंग कागदावर काढतात. स्क्रीनवर बघतात, छापतात, कागदावर पट्टी ठेवून मोजतात, पुन्हा स्क्रीनवर बघतात. एखादी रेघ बदलली की पुन्हा छापतात. पूर्वी करत नव्हते. गावाला एसटीनंच जातात. जावई मोटारसायकल परत द्यायला तयार होता, हे म्हणाले, राहू दे.

मालक एकदा म्हणाले, कागद फार जातोय. मी म्हणालो, जाऊ द्या. त्यांनी पुढं विचारलं नाही.

काल एकाच डायचं ड्रॉइंग त्यांनी तिसऱ्यांदा छापायला घेतलं. मधेच प्रिंटर थांबला, कागद संपला होता. फौजींनी पट्टी खाली ठेवली आणि वाट बघत बसले, माझ्याकडे वळले नाहीत. मी उठलो, कपाटातून नवा गठ्ठा काढला, वरचं वेष्टन फाडलं आणि कागद ट्रेमध्ये सारखा करून भरला.